फवारणी पंपाची माहितीपुस्तिका लिहिताना नेमकं कुठे अडतं

फवारणी पंप बनवणाऱ्या कारखान्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पाठीवरचा १६ लिटरचा बॅटरी पंप, सोबत २४ पानी मराठी माहितीपुस्तिका. तरी फोन येतच राहतात. मोटर मध्येच बंद पडते, चार्जिंग होत नाही, फवारा नीट पडत नाही. या सगळ्याची उत्तरं पुस्तिकेत छापलेली आहेत. मग लोक ती वाचत का नाहीत, आणि वाचली जाईल अशी पुस्तिका लिहायची कशी?

लोक पुस्तिका वाचतात, पण पहिल्या पानापासून नाही. काहीतरी अडतं तेव्हाच ती उघडली जाते. त्या वेळी एका हातात दांडी असते, टाकीत औषध कालवलेलं असतं आणि ऊन चढायच्या आत फवारणी उरकायची असते. अशा माणसाला "आमच्या उत्पादनाची निवड केल्याबद्दल अभिनंदन" आणि त्यापुढची चार पानं वैशिष्ट्यं काही कामाची नाहीत. त्याला हवी ती ओळ अर्ध्या मिनिटात सापडली नाही तर तो फोनच करणार.

वाचणारा माणूसही एक नसतो. पंप विकत घेतो मालक, पाठीवर घेतो बहुतेक वेळा शेतमजूर, आणि अनेक घरांत पुस्तिका मोठ्याने वाचून दाखवतं शाळेत जाणारं पोर. हे एकदा ध्यानात घेतलं की लिहिण्याच्या अनेक गोष्टी आपोआप ठरतात. "आकृती ४.२ पाहा" हे ऐकणाऱ्याला निरुपयोगी आहे, कारण पुस्तिका त्याच्या हातात नाही. कंसातल्या सूचना, तिरक्या रेघा, संक्षेप हे सगळं वाचून दाखवताना अडखळतं. लिहिलेली प्रत्येक पायरी कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या. वाचणारा जिथे अडखळेल, ते वाक्य मोडून पुन्हा लिहा. आणि मजुराच्या हाती पुस्तिका कधीच पडत नाही, ती मालकाच्या कपाटात राहते. म्हणून जे त्याला कळलंच पाहिजे ते टाकीवर असायला हवं. स्टिकरचा विषय पुढे घेतो.

बहुतेक कारखान्यांत मजकुराची सुरुवातच चुकते. पुरवठादाराची इंग्रजी पुस्तिका येते, ती भाषांतराला जाते, आणि भाषांतर करणाऱ्याने तो पंप कधी पाहिलेलाही नसतो. माझं स्पष्ट मत आहे की मजकूर आधी मराठीत लिहावा, पंप समोर ठेवून, आणि इंग्रजी-हिंदी त्यावरून करावी. लिहिण्याआधी दोन गोष्टी गोळा करा. पहिली, सर्व्हिसच्या फोनची वही: गेल्या हंगामात लोकांनी काय विचारलं, आणि कुठल्या शब्दांत. दुसरी, प्रत्येक सुट्या भागाचं दुकानात चालणारं नाव. गिऱ्हाईक दुकानात जाऊन "वायसर द्या", "खटका बदलून द्या" म्हणतो. पुस्तिकेत "सीलिंग वलय" आणि "प्रवाह नियंत्रक कळ" असेल तर दुकानदारही गोंधळेल. एका भागाला एकच नाव ठेवा. पान ३ वर "दांडी" आणि पान ११ वर "लान्स" आलं की वाचणाऱ्याला ते दोन वेगळे भाग वाटतात.

आता एक परिच्छेद जवळून बघू. बहुतेक पुस्तिकांत असं वाक्य असतं: "वापरापूर्वी नोझल असेंब्ली योग्यरीत्या बसविली असल्याची खात्री करण्यात यावी व कोणतीही गळती आढळल्यास ती दुरुस्त करण्यात यावी." यात कोणी काय करायचं ते नाही, "योग्यरीत्या" म्हणजे काय ते नाही, आणि गळती कुठे शोधायची तेही नाही. तेच असं लिहिता येतं:

१. टाकीत ३ लिटर साधं पाणी घाला. औषध घालू नका.
२. नोझलची टोपी हाताने आवळा. पाना लावू नका, आटे जातात.
३. स्विच चालू करा. मोटरचा आवाज येईल आणि काही सेकंदांत थांबेल. दाब भरला की ती आपोआप थांबते. हा बिघाड नाही.
४. खटका दाबा. मोटर पुन्हा चालू होईल आणि फवारा पडेल.
५. फवारा चालू असताना तीन ठिकाणी बोट फिरवून बघा: नळी टाकीला जोडते तिथे, खटक्याखाली, आणि नोझलच्या टोपीजवळ.
६. कुठे ओलं लागलं तर स्विच बंद करा, खटका दाबून दाब सोडा, तो जोड उघडा. आतली वायसर आहे का, आणि सपाट बसली आहे का, ते बघा.

इथे प्रत्येक पायरीत एकच काम आहे, आणि जिथे यंत्र काही प्रतिसाद देतं तिथे तो लिहिला आहे. माझ्या मते कामाच्या पुस्तिकेतली सगळ्यांत मोलाची गोष्ट हीच. माणसाला आपण केलं ते बरोबर झालं की नाही, हे तिथल्या तिथे कळायला हवं. "मोटर थांबते, हा बिघाड नाही" हे एक वाक्य तिसऱ्या पायरीत नसल्यामुळेच "मोटर मध्येच बंद पडते" हा फोन येतो. ते वाक्य तुमच्या पुस्तिकेतही असेल, पण बहुधा मागच्या तांत्रिक माहितीत, "स्वयंचलित प्रेशर कट-ऑफ" या नावाने.

दुसरी गोष्ट क्रमाची. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि "पूर्वी", "नंतर", "शिवाय" असे शब्द अधेमध्ये येतात. "औषध ओतण्यापूर्वी टाकीच्या तोंडाला जाळी बसवावी" असं लिहिलं तर ऐकणारा "औषध ओत" इतकं ऐकून हात चालवतो. म्हणून जे आधी करायचं ते आधी लिहा: "टाकीच्या तोंडाला जाळी बसवा. मग औषध ओता." काम ज्या क्रमाने होतं त्याच क्रमाने वाक्य चाललं पाहिजे. बाकी नियम साधे आहेत. वाक्य आठ-दहा शब्दांचं ठेवा. "करा" म्हटलं की शेवटपर्यंत "करा"च म्हणा, मध्येच "करावे" आणि "करण्यात यावे" नको.

बिघाडाचं कोष्टक पुस्तिकेच्या मध्यावर, जिथे पिना असतात तिथे घ्या. पान आपोआप उघडतं. कोष्टकात पहिला रकाना कारणाचा नसावा. माणसाला कारण माहीत नसतं, त्याला दिसतं-ऐकू येतं ते लिहा. या पंपाचं बरंचसं निदान कानाने होतं. खटका दाबलेला आहे, मोटर सलग चालते आणि तरी फवारा नाही, तर टाकीच्या तळाची जाळी तुंबली आहे किंवा मोटर हवा ओढते आहे. खटका दाबलेला असून मोटर थांबत-थांबत चालते आणि फवारा बारीक पडतो, तर नोझल किंवा खटक्यातली जाळी तुंबली आहे. खटका सोडलेला आहे आणि मोटर थोड्या-थोड्या वेळाने स्वतःच चालू होते, तर मोटरच्या पुढच्या बाजूला कुठेतरी गळती आहे. स्विच टाकूनही आवाजच नाही, तर आधी बॅटरी, मग फ्यूज, मग तारेचा जोड. प्रत्येक ओळीत उपाय स्वस्त ते महाग या क्रमाने द्या. जाळी धुवायला पैसे लागत नाहीत, ते आधी. मोटर बदलणं सगळ्यांत शेवटी.

सगळ्यांत नाजूक भाग औषधाच्या मात्रेचा, आणि बहुतेक पंपांच्या पुस्तिका तो टाळतात, कारण "ते औषध कंपनीचं काम". पण औषधाच्या लेबलवर मात्रा हेक्टरी असते, दुकानदार "पंपाला इतके मिली" असं सांगतो, आणि पंप कधी १५, कधी १६, कधी २० लिटरचा असतो. ही दरी पंपाच्या पुस्तिकेनेच भरली पाहिजे. त्यासाठी सूत्र देऊ नका. "नोझलचा प्रति मिनिट प्रवाह गुणिले क्षेत्र भागिले पट्ट्याची रुंदी" असं काही छापलं तर ते पान कोणी वाचणार नाही. कृती द्या. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा दोरीने आखा. हा एक गुंठा. बोलीतला गुंठा सगळीकडे सारखा नसतो, म्हणून फूट लिहायलाच हवेत. टाकीत मोजून १० लिटर साधं पाणी घाला. नेहमीच्या चालीने, नेहमीच्या उंचीवर दांडी धरून तेवढीच जागा फवारा. उरलेलं पाणी मोजा. जेवढं खर्च झालं त्याला ४० ने गुणा, कारण एकरात ४० गुंठे. एका गुंठ्याला ५ लिटर लागलं तर एकराला २०० लिटर.

पुढे एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवा. लेबलवर हेक्टरी २०० मिली असेल तर एकरी साधारण ८० मिली. २०० लिटर पाणी म्हणजे २० लिटरच्या टाकीचे १० पंप, पंपाला ८ मिली. तेच १६ लिटरच्या टाकीचे साडेबारा पंप, पंपाला ६.४ मिली. शेजाऱ्याच्या २० लिटरच्या पंपावरून ८ मिली ऐकून १६ लिटरच्या टाकीत घातले तर मात्रा सव्वापट झाली. हे आकडे कोष्टकात द्या: डावीकडे एकरी मात्रा, वर एकरी पाणी, आणि उत्तर फक्त तुमच्या टाकीच्या मापाचं. दुसऱ्या मापाचं कोष्टक त्या पानावर नको. लेबलवर हेक्टरी ५०० लिटर पाणी असेल तर एकरी २०० च्या आसपास यायला हवं. फार कमी आलं तर चाल मंद करायची किंवा मोठ्या भोकाचं नोझल लावायचं, हेही तिथेच लिहा. आणि पेटीत मापाचा कप द्या. कपावर इंग्रजी अंक असतील तर कोष्टकातही इंग्रजीच छापा. उन्हात उभं राहून दोन लिप्यांतले अंक जुळवायला लावू नका.

इशाऱ्यांबद्दल. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ८४ नुसार, हानी टाळण्यासाठी योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराबद्दल इशारा दिलेला नसेल तर उत्पादकावर जबाबदारी येते. त्यामुळे वकील सांगतात ते सगळे इशारे पहिल्या तीन पानांवर ओळीने येतात, आणि ती तीन पानं एकदम उलटली जातात. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात डोक्याइतक्या वाढलेल्या कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. हे ज्याला आठवतं, तो इशारा केवळ छापल्याचं समाधान मानणार नाही. तो वेळेवर वाचला जाईल अशा जागी असायला हवा. पहिल्या पानावर चारच इशारे ठेवा, बाकीचे त्या-त्या पायरीच्या आधी. पायरीनंतर आलेला इशारा वाचेपर्यंत हात पुढे गेलेला असतो.

इशाऱ्यात तीन गोष्टी लागतात: धोका कशाचा, काय होईल, आणि त्याऐवजी काय करायचं. तिसरी नेहमी राहून जाते. "तुंबलेलं नोझल तोंडाने फुंकू नका" एवढंच लिहिलं तर माणूस फुंकणारच, कारण शेतात दुसरा उपाय त्याच्याकडे नाही. "पेटीतलं जादा नोझल लावा. तुंबलेलं घरी पाण्यात भिजवून मऊ ब्रशने साफ करा" असं लिहा, आणि जादा नोझल व ब्रश खरोखर पेटीत टाका. इथे पुस्तिका लिहिणाऱ्याने खरेदी विभागाशी भांडायलाही हरकत नाही. तसंच "अनुकूल हवामानात फवारणी करा" याने काही साधत नाही. "वारा पाठीमागून किंवा बाजूने येईल असं चाला. वारा तोंडावर आला तर थांबा. पीक खांद्याच्या वर गेलं असेल तर या पंपाने फवारू नका." हे समजतं आणि पाळता येतं. औषधाच्या डब्यावरच्या चौकोनातला रंग सांगताना लाल, पिवळा, निळा, हिरवा हा क्रम जहाल ते सौम्य असा आहे, आणि हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, हे शब्दांत लिहा. हिरव्याचा अर्थ लोक निर्धोक असाच घेतात.

बॅटरीचा मजकूर कारखान्यातल्या टेबलावर बसून लिहिलेला असतो, हे लगेच कळतं. १२ व्होल्ट ८ अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी आणि १.७ अँपिअरचा चार्जर असेल तर भागाकाराने पावणेपाच तास येतात. शेवटी प्रवाह कमी होत जातो, म्हणून प्रत्यक्षात सहा ते आठ. पुस्तिकेत "८ तास सलग चार्ज करा" असं छापतात. खेड्यात आठ तास सलग वीज असेलच असं नाही. मग माणूस विचारतो: मध्ये वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून का? बॅटरी बिघडेल का? "वीज गेली तरी चार्जर काढू नका. आली की चार्जिंग पुढे चालू होतं" ही ओळ हवीच. दुसरी ओळ हंगाम संपल्यानंतरची: बॅटरी रिकामी ठेवून पंप माळ्यावर टाकला तर आतल्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचा थर बसतो आणि पुढच्या वर्षी ती चार्ज धरत नाही. पूर्ण चार्ज करून ठेवा, महिन्यातून एकदा पुन्हा चार्ज करा. कारण दिलं की सूचना पाळली जाते. नुसती आज्ञा विसरली जाते.

चार्जरच्या दिव्याचं प्रकरण तर प्रत्येक कारखान्यात होतं. पुस्तिकेत "लाल म्हणजे चार्जिंग चालू, हिरवा म्हणजे पूर्ण" असतं. वर्षभराने स्वस्तातला दुसरा चार्जर येतो, त्याचा दिवा चार्ज होताना लुकलुकतो आणि झाल्यावर स्थिर होतो. पुस्तिका तीच राहते. मग "चार्जिंग होत नाही" हा फोन येतो आणि चांगला चार्जर बदलून दिला जातो. यावर उपाय लेखनाचा नाही, व्यवस्थेचा आहे. मागच्या पानावर मॉडेल, आवृत्ती क्रमांक आणि महिना-वर्ष छापा. ज्या भागांचा उल्लेख पुस्तिकेत आहे त्यांची एक यादी करा, आणि त्यातला कुठलाही भाग बदलायचा तर खरेदीच्या कागदावर पुस्तिका सांभाळणाऱ्याची सही लागेल असं ठरवा. तोवर जुन्या पुस्तिकांच्या गठ्ठ्यात दुरुस्तीचा छोटा पिवळा कागद घाला.

चित्रांना फोटो नकोत. एकरंगी छपाईत काळ्या नळीवरचा काळा खटका दिसतच नाही. रेघांची चित्रं काढून घ्या, वापरणाऱ्याला जिथून दिसतं त्याच बाजूने. चित्रात ज्या भागाचं काम आहे तोच जाड रेघेत, बाकीचे फिके. "उजवीकडे" म्हणताना कोणाचं उजवं ते पहिल्याच पानावर ठरवा: पंप पाठीवर घेतल्यावर तुमचा उजवा हात ती उजवी बाजू.

छपाईतला एक घोळ मराठीत नेहमीचा आहे. मजकूर युनिकोडमध्ये लिहिलेला असतो आणि छापखान्यातला माणूस तो जुन्या फाँटमध्ये बदलून घेतो. त्यात जोडाक्षरं तुटतात, "वाऱ्याच्या" चं "वार्याच्या" होतं, कधी दशांश चिन्हच गळतं आणि ६.४ मिलीचे ६४ होतात. पहिली दोन विद्रूप दिसतात, तिसरं जिवावर बेतू शकतं. म्हणून अंतिम पीडीएफ कारखान्यातच तयार करा आणि छापखान्याला फक्त तीच द्या. प्रूफ वाचताना आकडे वेगळे वाचा, दोन माणसांनी, एकाने मोठ्याने. अक्षर ११-१२ पॉइंटपेक्षा लहान नको, आणि ओळींत अंतर मोकळं ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडतात. आकडा आणि त्याचं एकक ओळीच्या शेवटी फुटू देऊ नका.

टाकीवरचा स्टिकर हा मजुरासाठीची खरी पुस्तिका. त्यावर सहापेक्षा जास्त ओळी नकोत: वाऱ्याची दिशा, हातमोजे आणि मास्क, नोझल फुंकू नका, दाब सोडून मगच जोड उघडा, फवारणीनंतर टाकी तीन वेळा धुवा, आणि विषबाधेची लक्षणं दिसली तर औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखान्यात जा. अडचण अशी की ईसी प्रकारच्या (पाण्यात घातल्यावर दुधाळ होणाऱ्या) औषधांतलं सॉल्व्हंट साधी शाई पुसून टाकतं, आणि टाकीच्या प्लॅस्टिकवर साधा गोंद धरत नाही. मागच्या बाजूने छापलेलं पॉलिस्टरचं स्टिकर घ्या, टाकीच्या प्लॅस्टिकला चालणारा गोंद पुरवठादाराकडून मागून घ्या, आणि तोंडाखालची ओघळ येते ती जागा टाळा. लावलेला नमुना महिनाभर रोज औषधाच्या पाण्याने पुसून बघा.

क्यूआर कोड द्यायला हरकत नाही, पण शेतात रेंज नसते आणि हात ओले असतात, म्हणून तो पुस्तिकेच्या जागी नको. दर बिघाडाला एक-दीड मिनिटाचा वेगळा व्हिडिओ करा, आणि कोड तुमच्याच संकेतस्थळाच्या पत्त्यावर न्या. व्हिडिओ बदलला तरी छापलेला कोड चालू राहतो.

निर्यातीचा विचार असेल तर आयईसी/आयईईई ८२०७९-१ हे वापरसूचनांचं आंतरराष्ट्रीय मानक नजरेखालून घाला. २०१९ ची आवृत्ती आहे. त्यातही रोख हाच आहे की सूचना कोणासाठी आहेत हे आधी ठरवा आणि त्या लोकांवर तपासून बघा.

तपासणी म्हणजे कारखान्यातल्या फोरमनला वाचायला देणं नव्हे. त्याला पंप पाठ आहे, मजकुरात राहिलेली पायरी त्याचा हात आपोआप भरून काढतो. ज्यांनी हे मॉडेल पाहिलेलं नाही अशी पाच-सहा माणसं घ्या, त्यांत दोघं तरी रोज फवारणी करणारी आणि एक शाळकरी मूल वाचून दाखवणारं. बंद पेटी आणि पुस्तिका द्या, टाकीत साधं पाणी, आणि सांगा: जोडून एक गुंठा फवारा, मग नोझल काढून धुवा. तुम्ही शेजारी उभे राहा आणि तोंड उघडू नका. मदत करावीशी वाटेल, तेव्हा ती पायरी वहीत लिहा. चार गोष्टी टिपायच्या: कुठे थांबला, कुठे मागचं पान उलटलं, कुठे न वाचता अंदाजाने केलं, आणि कुठल्या भागाला काय म्हणाला. दोघं एकाच पायरीवर थांबले तर ती पायरी बदला. त्यांनी वापरलेलं नाव तुमच्या नावापेक्षा वेगळं असेल तर तुमचं बदला.

पहिली छपाई थोडी करा, मे महिन्यात, खरिपापुरती. जुलै-ऑगस्टमध्ये येणारे फोन पायरीच्या क्रमांकाने वहीत मांडा आणि त्यावरून दुरुस्त केलेली आवृत्ती रब्बीआधी काढा. मोठी छपाई त्या आवृत्तीची करा.